वाफे आणि रांगा : माशांच्या अँटिबॉडी-जनुकांची मांडणी

(बुलढाणा येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी विज्ञान हा विषय वर्गाच्या चार भिंतींत ठेवला नाही. म्हणून मीही आज वर्गातला नसलेला, पण आपल्या जिल्ह्याच्या पाण्यातला विषय घेऊन आलो आहे. माशाचे शरीर रोगाशी कसे लढते, त्या लढाईची हत्यारे घडवणारी जनुके त्याच्या गुणसूत्रांवर कशी मांडलेली असतात, आणि ही मांडणी कोट्यवधी वर्षांत कशी बदलत गेली, हा तो विषय.

आपण घाटावर बसलो आहोत. घाटाखाली नळगंगा आणि ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. इकडे घाटावर मात्र पैनगंगा पूर्वेची वाट धरते. वर्धेतून, प्राणहितेतून ती गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. एकाच जिल्ह्यातून दोन समुद्रांना पाणी जाते. येळगाव, पेनटाकळी, नळगंगा, खडकपूर्णा ही आपली धरणे. त्यांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांचे बीज सोडले जाते, मरळ आणि वाम आपापली असतातच. आपल्या भोई समाजाच्या कित्येक घरांची चूल या मासळीवर पेटते. मग सांगा, शेतातल्या कपाशीला कोणता रोग पडला हे आपण गावभर बोलतो, तर पाण्यातल्या या पिकाच्या रोगप्रतिकारशक्तीबद्दल आपण कधी बोलतो का?

आधी अँटिबॉडीविषयी. करोनाच्या काळात हा शब्द घराघरात पोचला. रिपोर्टवर ‘आयजीएम’ आणि ‘आयजीजी’ अशी अक्षरे आपण वाचली. अँटिबॉडी हे रक्तातले एक प्रथिन आहे. दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या मिळून त्याचा मूळ घटक बनतो. त्याचे एक टोक जंतूला चिकटते. दुसरे टोक ठरवते की पुढे काय करायचे : रक्तात फिरायचे, आतड्याच्या आवरणात पाझरायचे, की पेशीवर बसून राहायचे. चिकटणारे टोक कोट्यवधी प्रकारचे असू शकते, कारण जंतू कोट्यवधी प्रकारचे आहेत.

इथेच पहिले कोडे आले. माणसाच्या शरीरात प्रथिने घडवणारी जनुके सारी मिळून वीस हजारांच्या आसपास. मग कोट्यवधी प्रकारच्या अँटिबॉडी कुठून येतात? प्रत्येकीला एक जनुक देणे तर अशक्य आहे. उत्तर १९७६ साली सुसुमु तोनेगावा यांनी दिले. हे जपानी शास्त्रज्ञ तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे काम करत होते. त्यांनी दाखवले की अँटिबॉडीचे जनुक जन्मतः अखंड नसतेच. त्याचे तुकडे असतात. बी-पेशी तयार होताना ती स्वतःचाच डीएनए कापते, एक ‘व्ही’ तुकडा, एक ‘डी’ तुकडा, एक ‘जे’ तुकडा निवडते आणि एकमेकांना जोडते. प्रत्येक पेशीची निवड वेगळी. जोडताना सांध्यावर दोन-चार अक्षरे गळतात, दोन-चार नवी घुसतात, आणि तिथेही विविधता वाढते. माणसाच्या जड साखळीत कामाचे व्ही तुकडे सुमारे ४०, डी २३ आणि जे ६. गुणाकार तुम्हीच करा. त्यावर सांध्यांची विविधता, त्यावर हलक्या साखळीची. तोनेगावांना १९८७ चे नोबेल मिळाले.

आता प्रश्न पुढचा. आपलाच डीएनए कापणारी ही धोकादायक करामत सजीवांना सुचली कशी? कापणारी प्रथिने ‘रॅग-१’ आणि ‘रॅग-२’. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शॅट्झ आणि मार्जोरी ओटिंजर यांनी १९८९-९० मध्ये त्यांची जनुके शोधली. त्यांची चाल पाहून पुष्कळांना एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या जिल्ह्यात मका भरपूर होतो, म्हणून सांगतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या कणसावरचे रंगीत, ठिपकेदार दाणे वर्षानुवर्षे तपासले आणि सांगितले की जनुकांतले काही तुकडे जागा बदलतात, उड्या मारतात. अनेक वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले. रॅग हाही मुळात असाच एक उडी मारणारा तुकडा होता. कधीतरी तो एका साध्या जनुकात घुसला आणि त्याने त्या जनुकाचे तुकडे पाडले. तेव्हापासून ते जनुक वापरायचे तर आधी सांधावे लागते. २०१६ साली चीनमधील शास्त्रज्ञांना अँफिऑक्सस या समुद्रातल्या लहानशा, कणा नसलेल्या जिवात या तुकड्याचा अजून उड्या मारू शकणारा नातलग सापडला. तेव्हा हा तर्क पक्का झाला.

रॅगचे हे घुसणे घडले सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, आणि ते घडले माशांत. माणसात नव्हे, घोड्यात नव्हे, ज्यांना आपण वरच्या दर्जाचे प्राणी म्हणतो त्यांच्यात नव्हे. पाण्यात, जबडा असलेल्या पहिल्या माशांत. आज आपल्या रक्तात जी अँटिबॉडी फिरते तिचा उगम माशात आहे.

जबडा नसलेल्या माशांचे काय? लॅम्प्रे आणि हॅगफिश हे असे मासे अजून आहेत. त्यांनाही रोग ओळखता येतात, लक्षात ठेवता येतात. पण २००४ साली मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ते अगदी वेगळ्याच प्रथिनांनी हे काम करतात. त्यांच्याकडे आपली अँटिबॉडी नाहीच. एकच गरज, दोन स्वतंत्र उत्तरे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. तुकडे आहेत, कापणारी प्रथिने आहेत. पण तुकडे गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने ठेवायचे? इथे माशांनी दोन वाटा घेतल्या.

पहिली वाट मुशीची. कोकणातल्या बाजारात जी मुशी मिळते ती म्हणजे शार्क, आणि पाखट तिची नातलग. यांच्या सांगाड्यात हाड नाही, कूर्चा आहे. आपले आणि त्यांचे पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. १९८६ साली हाइंड्स आणि लिटमन यांनी हॉर्न्ड शार्कची अँटिबॉडी-जनुके वाचली, आणि माणसाच्या मांडणीवरून बांधलेले सारे अंदाज चुकले. एक मोठे शेत असते आणि त्यात एका बाजूला सगळी ज्वारी, पुढे सगळी तूर, पुढे सगळा हरभरा. माणसाची मांडणी अशी आहे. मुशीची मांडणी लहान-लहान वाफ्यांची. प्रत्येक वाफ्यात थोडे-थोडे सगळे. एक व्ही, दोन डी, एक जे, आणि त्यांच्या मागे अँटिबॉडीचा न बदलणारा भाग. असा एक स्वयंपूर्ण वाफा, मग दुसरा, मग तिसरा. काही जातींत असे वाफे दहा-पंधरा, काहींत शंभराच्या वर. आजच्यापुरते मी या मांडणीला ‘वाफे’ म्हणेन आणि माणसाच्या मांडणीला ‘रांगा’.

वाफ्यांचा तोटा उघड आहे. या वाफ्यातला व्ही शेजारच्या वाफ्यातल्या जे शी सहसा जोडला जात नाही, म्हणजे रांगांतला गुणाकार इथे मिळत नाही. मग फायदा काय? दोन डी असल्यामुळे सांधे तीन होतात, आणि प्रत्येक सांध्यावर अक्षरे गळतात, घुसतात. मुशीची विविधता निवडीपेक्षा सांध्यांतून येते. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की तिचे काही वाफे जन्मतःच सांधलेले असतात. व्ही, डी, जे आधीच जोडलेले. पेशीला कापण्याची गरज नाही, अँटिबॉडी तयार. कोट्यवधी वर्षे भेटत आलेल्या जंतूंसाठी दरवेळी नव्याने निवड करत बसण्यापेक्षा ही सोय उपयोगी पडत असावी, असे मला वाटते.

१९९५ साली नर्स शार्कमध्ये आणखी एक अँटिबॉडी सापडली, ‘आयजीनार’. तिला हलकी साखळीच नाही. जड साखळीचे एकटे टोक जंतूला धरते. दोनच वर्षे आधी, १९९३ मध्ये, ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांना उंटाच्या रक्तात अशीच हलकी साखळी नसलेली अँटिबॉडी सापडली होती. मुशी समुद्रात, उंट वाळवंटात. दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती केली. मुशीच्या रक्तात युरिया फार असतो. शिळ्या मुशीला अमोनियाचा जो उग्र वास येतो तो या युरियामुळेच, हे कोकणात राहिलेल्यांना ठाऊक असेल. युरियात प्रथिने सहज मोडतात. त्यात टिकणारी मुशीची ही लहान, चिवट अँटिबॉडी आता औषधे घडवणाऱ्यांना हवीशी वाटते आहे.

दुसरी वाट हाडे असलेल्या माशांची. म्हणजे आपल्या रोहूची, कटल्याची. इथे जड साखळीची जनुके रांगांत आली. व्हींची लांब रांग, मग डी, मग जे, मग न बदलणारे भाग. माणसासारखीच. पण गंमत पाहा, याच माशांच्या हलक्या साखळीची जनुके बहुतेक वाफ्यांतच राहिली! एकाच माशात दोन्ही मांडण्या. उत्क्रांती जुने सगळे मोडून नवे बांधत नाही, एवढे यावरून दिसते.

या रांगेच्या मधोमध २००५ साली एक मोठा शोध लागला. अमेरिकेत ट्राउट माशावर काम करणाऱ्या एका गटाला आणि झेब्राफिशवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला एकाच वर्षी नवी अँटिबॉडी सापडली. एका गटाने तिला ‘आयजीटी’ म्हटले, दुसऱ्याने ‘आयजीझेड’. वस्तू एकच. झेब्राफिश म्हणजे आपल्याच देशाचा मासा, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पोसला जातो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. आणि तो रोहूच्याच कुळातला आहे.

आता या माशाची रांग नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. आधी सगळे व्ही. मग आयजीझेडचे स्वतःचे डी, जे आणि न बदलणारा भाग. त्याच्या पुढे आयजीएमचे स्वतःचे डी, जे आणि न बदलणारा भाग. शेवटी आयजीडी या तिसऱ्या अँटिबॉडीचा न बदलणारा भाग. बी-पेशी तयार होताना व्ही जर जवळच्या, म्हणजे आयजीझेडच्या डी शी जोडला गेला, तर ती पेशी आयजीझेड बनवते. पण व्ही जर पुढे जाऊन आयजीएमच्या डी शी जोडला गेला, तर मधला आयजीझेडचा सगळा भाग कापून टाकला जातो. कायमचा. त्या पेशीला आयजीझेड पुन्हा कधीही बनवता येत नाही.

माणसात असे होते का? नाही. आपली पेशी आधी आयजीएम बनवते, आणि नंतर गरज पडली की तोच जंतू ओळखणारे टोक ठेवून आयजीजी, आयजीए किंवा आयजीई बनवू लागते. करोनाच्या रिपोर्टवर आधी एम आणि मग जी दिसायचे ते म्हणूनच. हा बदल बेडकांच्या गटापासून पुढे दिसतो. माशांत तो नाही. का नाही? हा बदल घडवणारे प्रथिन नव्हते म्हणून? ते तर होते. ‘एड’ नावाचे जे प्रथिन आपल्यात हा बदल घडवते, ते माशांतही आहे. २००५-०६ मध्ये शास्त्रज्ञांनी माशाचे एड उंदराच्या पेशींत घातले, आणि त्याने तिथे हा बदल घडवून दाखवला. हत्यार माशाकडे होते. ते जिथे चालवायचे त्या खुणा त्याच्या रांगेत नव्हत्या.

मित्रांनो, मला आज सांगायचे ते हेच. जनुक कोणते आहे याइतकेच ते कुठे आहे, कोणाच्या शेजारी आहे, कोणाच्या आधी आहे, हे महत्त्वाचे असते. आपण पाठ्यपुस्तकात जनुकांची नावे शिकतो, त्यांचे पत्ते शिकत नाही. माशाचे रोगाशी नाते त्या पत्त्यांवर ठरले.

आयजीटी करते काय? २०१० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ओरिओल सुन्येर यांच्या गटाने दाखवले की ट्राउटच्या आतड्यात परजीवी शिरला की रक्तात आयजीएम वाढते आणि आतड्याच्या आवरणात आयजीटी. पुढे त्वचा आणि कल्ल्यांबाबतही तेच दिसले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकटा आपण राख लावून घासून काढतो. त्या चिकट्यात ही अँटिबॉडी पहारा देत असते. आपल्या आतड्यात आयजीए जे करते, ते माशाच्या अंगभर आयजीटी करते.

पण हिशेब इतका सरळ नाही. अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशमध्ये आयजीटी नाहीच, तरी तो धडधाकट जगतो. सायप्रिनसमध्ये तर एक अँटिबॉडी आयजीएमचा एक भाग आणि आयजीझेडचा एक भाग मिळून बनलेली सापडली. सायप्रिनसची गुणसूत्रे १०० आणि रोहूची ५०. त्याच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता, त्यामुळे जनुकांना नवे प्रयोग करायला जागा मिळाली. अटलांटिक कॉड या माशाने अँटिबॉडीच्या यंत्रणेला मदत करणारा एक मोठा भागच गमावला आहे, हे २०११ मध्ये कळले. तरी समुद्रात तो टिकून आहे. आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेजवळ सापडलेला सीलकँथ, ज्याचे कुळ फार पूर्वीच नामशेष झाले असे मानत होते, त्याचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला तर त्यात आयजीएमचे जनुकच मिळाले नाही. मग खालचा दर्जा कोणता आणि वरचा कोणता? मला ही भाषाच चुकीची वाटते. माशाला आपल्यासारखी अस्थिमज्जा नाही, लसिकाग्रंथी नाहीत. मासा साफ करताना कण्याला चिकटलेला गर्द लाल पट्टा दिसतो, तो मूत्रपिंड. त्याच्या डोक्याकडच्या भागात माशाच्या बी-पेशी तयार होतात. वेगळी जागा, काम तेच. अँटिबॉडी घासूनपुसून अधिक नेमकी करणारी केंद्रे माशांत नसतातच असे कित्येक वर्षे शिकवले गेले. २०२३ मध्ये सुन्येर यांच्याच गटाला ट्राउटच्या प्लीहेत त्या केंद्रांसारखी रचना मिळाली.

सुरुवातीचा तो व्ही, डी, जे यांचा गुणाकार आठवा. २००९ साली स्टॅनफर्डमध्ये चौदा झेब्राफिशच्या अँटिबॉडी-जनुकांचे मोठ्या प्रमाणावर वाचन झाले. या माशाच्या आयजीएमसाठी व्ही ३९, डी ५, जे ५, म्हणजे ९७५ जोड्या शक्य. प्रत्येक माशाने त्यांतल्या निम्म्याहून अधिक वापरलेल्या होत्या. एका जिवाची जवळजवळ सगळी अँटिबॉडी-संपत्ती मोजण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न, आणि तो माशात झाला, कारण मासा लहान आहे आणि त्याच्या बी-पेशी मोजण्याजोग्या आहेत.

हे सगळे आपल्या धरणांना काय कामाचे? आता तिकडे वळतो.

पहिली गोष्ट थंडीची. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याची अँटिबॉडी उशिरा आणि कमी तयार होते. १९८८ साली भारतात शिरलेला अल्सरचा रोग मरळीसारख्या माशांच्या अंगावर लाल, खोल जखमा पाडतो. अँफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव त्याच्या मुळाशी आहे, आणि साथ बहुधा हिवाळ्यात येते. जंतूला गारवा मानवतो आणि माशाची यंत्रणा गारव्याने मंदावते. म्हणून पाणी गार होण्याआधी तळ्याची काळजी घ्यायची, नंतर नाही.

दुसरी गोष्ट लसीची. नॉर्वेत १९८७ साली सामन मासे वाढवताना जवळजवळ ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. मग प्रत्येक माशाला लस टोचायला सुरुवात झाली. उत्पादन कितीतरी पटींनी वाढले आणि प्रतिजैविके एक-दोन टनांच्याही खाली आली. रोहूला सुई टोचणे आपल्याला परवडेल का? नाही. आपल्याला लस हवी ती पाण्यातून किंवा खाद्यातून, म्हणजे कल्ल्यांतून आणि आतड्यातून जाणारी. आणि तिथे कामाला येणार ती आयजीटी किंवा आयजीझेड. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेत रोहूच्या तिन्ही अँटिबॉडींवर आणि त्याच्या अंगावरच्या ‘उवां’नी, म्हणजे आर्गुलसने, त्यांत होणाऱ्या बदलांवर काम झाले आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्ञान दूर नाही. ते धरणाच्या काठापर्यंत पोचायला हवे.

तिसरी गोष्ट अधिक तातडीची. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली. गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर कालव्याने पश्चिमेकडे येऊन आपल्या मोताळा तालुक्यातल्या नळगंगेला मिळणार आहे. गोदावरी खोऱ्याचे पाणी तापी खोऱ्यात. शेतीला त्याची गरज आहे, यावर माझा वाद नाही. पण पाण्याबरोबर मासे येतात, माशांबरोबर परजीवी येतात, जंतू येतात. नळगंगेतल्या माशांच्या अँटिबॉडींना त्यांची ओळख नसेल. प्रकल्पाच्या चर्चेत घनफूट आणि हेक्टर ऐकू येतात. माशांच्या रोगप्रतिकारशक्तीबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेले नाही.

म्हणून माझी दोन ठिकाणी विनंती आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी कालव्याचे पाणी येण्याआधी नळगंगा, येळगाव, पेनटाकळी आणि खडकपूर्णा इथल्या माशांच्या जाती, त्यांच्यावरचे परजीवी आणि त्यांच्या रक्ताचे नमुने यांची नोंद करायला सुरुवात करावी. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नमुने नीट जतन करून वर्सोव्याला किंवा भुवनेश्वरला पाठवता येतात. आणि मच्छीमार सहकारी संस्थांमधील बांधवांनी दर हिवाळ्यात कोणता मासा, किती आणि कशा जखमांनी मेला, ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. ती वही विद्यार्थ्यांना दाखवावी. ज्यांना यात काम करायचे असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाशेजारी नावे द्यावीत. सुरुवात नळगंगेपासून करू.